जपून ठेवलेली फोर व्हील

महाळुंगे पडवळच्या भिमाजीतात्यांच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आणि ते निघेल अशी आशाही आता घरात कुणी धरत नाही. सुनेने हौसेने आणलेले काचेचे कप फडताळात तसेच आहेत, कारण त्यांतून चहा द्यावा असे पाहुणे तात्यांच्या मते अजून यायचेत. माणूस चिकट नव्हे. लेकीच्या लग्नात त्यांनी अख्खं गाव जेवू घातलं. पण वस्तू हाती आली की ती वापरायची नसते, जपायची असते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. लहानपणी घरात धड असा एकच चपलांचा जोड होता. वडील तो फक्त मंचरच्या बाजाराला घालत आणि आल्यावर पुसून खुंटीला टांगत. ते वळण काही गेलं नाही.

अशा माणसाने जुनी का होईना, फोर व्हीलची, म्हणजे चिखलात चारही चाकांनी ओढणारी जीप घेतली, ती बायकोसाठी. सरूबाईंचं माहेर भीमाशंकरच्या अंगाला, मोठा रस्ता सोडून वर डोंगरात. खालच्या वाडीपर्यंत एसटी जाते, पुढे तांबड्या मातीचा चढ. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून पावसाळ्यात त्यांचं माहेर तुटलं, आणि नागपंचमी नेमकी भर पावसात. पंचमीला माहेर नाही म्हणजे काय, हे बाईलाच विचारावं. जीप दारात उभी राहिली तेव्हा तात्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, आता हिची पंचमी चुकायची नाही.

ती चुकली. पहिल्या वर्षी टोमॅटोची तोडणी आडवी आली, पुढच्या वर्षी पाऊसच फार होता. तिसऱ्या वर्षी सरूबाई हटून बसल्या, तेव्हा तात्या आधी रस्ता बघून येतो म्हणून एकटेच गेले. संध्याकाळी परत आले ते मान हलवत.

"फोर व्हील टाकून बघितली. चाकं जागच्या जागी फिरत्यात. न्हाई चढत गाडी."

सरूबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. दिवाळीनंतर वाट वाळली की त्या आईला भेटून येत.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच भावाचा फोन आला. आई, साळुबाई, अंथरुणाला खिळली होती. अन्न जात नव्हतं. सरू पंचमीला येती का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. सरूबाईंनी पिशवी भरली आणि कुणाला न विचारता जीपमध्ये जाऊन बसल्या.

या जीपला फोर व्हीलचा दांडा नाही. स्टिअरिंगजवळचं एक बटण फिरवलं की पुढची चाकंही ओढायला लागतात आणि समोर हिरवा दिवा लागतो. तात्यांनी अंगणातच बटण फिरवलं. दिवा नुसता लुकलुकत राहिला. पुढची चाकं काही ओढायला लागली नाहीत. तात्यांनी तोंडाने चक्‌ चक्‌ केलं, पण खरं सांगायचं तर त्यांना आतून हायसं वाटलं. आता जाता येत नाही याला कुणाचा इलाज होता?

"मंचरला दाखवू," सरूबाई म्हणाल्या.

मंचरला हायवेच्या कडेला समाधानचं गॅरेज आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने स्कॅनर जोडला, तर गाडी इतकी जुनी की स्कॅनरला ती ओळखच देईना. मग त्याने बॅटरी मोजली, फ्यूज बघितले. गाडी कांदा साठवायच्या बराखीशेजारी उभी असते हे ऐकल्यावर उंदरांनी वायर खाल्ली असणार, अशी त्याने पैजच लावली आणि ती हरला. वायरी धड होत्या. बटणही ठीक होतं. शेवटी तो गाडीखाली शिरला आणि फोर व्हील टाकणारी छोटी मोटर काढून बाहेर आला. करंट येत होता, मोटर फिरत नव्हती. उघडली तर आतलं ग्रीस वाळून खडा झालेलं.

"तात्या, ही न वापरून जाम झाली," तो सहज म्हणाला. "गाडी घेतल्यापासनं एकदाबी फोर व्हील टाकली न्हाई का?"

सरूबाई बाकावर बसून चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

तात्यांना तो तिसऱ्या वर्षीचा दिवस लख्ख आठवला. चढाच्या तळाशी ते थांबले होते. वरून तांबडं पाणी वाहत होतं. आपली पुसूनपुसून ठेवलेली गाडी त्या राड्यात घालायला त्यांचं मन धजेना. बटणाला हातसुद्धा न लावता त्यांनी वाडीत चहा घेतला आणि गाडी वळवली.

सरूबाई समाधानकडे वळल्या. त्यांनी विचारलं, "आता चालंल ना?"

समाधानने मोटर साफ केली, नवं ग्रीस भरलं, बसवली. बटण फिरवताच दिवा हिरवा झाला आणि तसाच राहिला. महिन्यातून एकदा तरी टाकत जा, एवढं बजावून तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

घोडेगाव गेलं, डिंभ्याचं धरण गेलं. बायकोने भांडावं, चार शब्द सुनवावेत, म्हणजे मोकळं तरी होईल, असं तात्यांना फार वाटत होतं. चढ आला. त्यांनी बटण फिरवलं आणि गाडी राड्यात घातली. ती जराशी घसरली, चारही चाकांनी माती धरली आणि मुकाट वर निघाली. चुलीवर चहाला उकळी यावी तेवढ्यात ते माथ्यावर होते.

सरूबाईंनी मागे वळून चढाकडे पाहिलं.

"एवढाच व्हता व्हय?"

साळुबाई घोंगडीवर पडून होत्या. लेकीचा चेहरा त्यांनी हाताने चाचपला, बराच वेळ चाचपला. मग दारात चिखलाच्या पायांनी उभ्या असलेल्या जावयाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"पावणं, असल्या चढाचं माज्या लेकीला घिऊन आलात. लई तरास झाला तुमाला."

तात्यांनी सरूबाईंकडे बघितलं. त्या आईच्या अंगावरचं पांघरूण नीट करत होत्या. त्या काही सांगणार नव्हत्या, आज नाही आणि पुढेही नाही. तात्या सासूच्या उशाशी खाली बसले.

"चढाचं काय न्हाई, आई," ते म्हणाले. "इतकी वर्सं मीच आणलं न्हाई हिला."