कोमट पाणी

आपल्या प्रवासी शेगडीचा गॅसचा छोटा डबा त्या पोरीने माझ्या पेटत्या चुलीला टेकवून ठेवला होता. मी तो चिमट्याने ओढून अंगणात भिरकावला. पोर शिकलेली, गड चढायला आलेली, रात्रीपुरती माझ्याकडे उतरलेली.

"आजी, थंडीने डबा गार पडलाय, शेगडी पेटेना. ऊब देत होते."

"दोघींची राख झाली असती, भवाने! खोबरेल गोठलं तर बाटली चुलीत घालतेस?"

"नाही, कोमट पाण्यात ठेवते," म्हणाली आणि अंगणातला डबा उचलून आणला.

डबा थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवला, मग शेगडी नीट पेटली. चहा पिताना लेक आठवली. ती अबोला धरायची तेव्हा मीही रागाचा जाळच घालायचे. कोमट बोलणं मला कधी सुचलंच नाही.

डबा फुटला नाही. पोर वाचली आणि मीही वाचले.