टीव्हीचा आवाज ऊसतोडीला गेला

केशरबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे चौसाळ्याच्या पलीकडं डोंगरकडेला असलेल्या त्या वाडीत रांगत्या पोरालासुद्धा कळायचं. बाई मनानं वाईट नव्हती हो. कुणाच्या घरी अवचित पाहुणे आले, भाकरी कमी पडल्या, की पदराखाली झाकलेली हिची चळत सगळ्यांच्या आधी तिथं पोचायची. पण भाकरीसोबत दोन शब्दही पोचायचे, आणि ते लोकांना भाकरीपेक्षा जास्त दिवस पुरायचे.

दिवाळी झाली की ही वाडी रिकामी होते. धडधाकट माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, मागं म्हाताऱ्या, म्हातारे आणि शेरडं राहतात. केशरबाईनं उभा जन्म फडात काढला होता. नवरा सुंदरराव वारला, तरी पोरासोबत जात राहिली. पण औंदा गुडघ्यांनी साफ नकार दिला. "आई, तू घरीच बस," असं पोरगा अजिनाथ म्हणाला, तेव्हा दोन दिवस ती त्याच्याशी भांडली आणि तिसऱ्या दिवशी गपगुमान त्याच्या डब्याची चटणी कुटायला बसली. नातवंडं शाळेसाठी त्यांच्या आजोळी धाडली. अजिनाथ आणि सून बेळगावकडच्या एका कारखान्याला निघाले.

आता अजिनाथ ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. उसाच्या ट्रॅक्टरवर दणदणीत गाणी वाजली नाहीत तर ड्रायव्हरची इज्जत ती काय राहिली! म्हणून या पठ्ठ्यानं निघायच्या सकाळी घरातला होम थिएटर सोडवला. दोन उंच स्पीकर, छातीत धडधड करणारा मोठा डबा, सगळा बाडबिस्तरा ट्रॅक्टरच्या टपावर आवळून बांधला आणि गाणं वाजवतच वाडीबाहेर पडला. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर केशरबाईनं डोळे पुसले, घरात आली आणि जिवाला विरंगुळा म्हणून टीव्ही लावला.

चित्र झकास. आवाज मात्र न्हाईच.

तिनं रिमोटवर आवाज वाढवला. पडद्यावर आकडा चढत गेला, शंभरला टेकला, पण टीव्ही आपला मुका तो मुकाच. मग तिनं डिशच्या डब्याच्या डोक्यात एक चापट घातली. तरीही काही नाही. दुसरी जरा मायेनं घातली. शेवटी तिनं दिराला, रामहरीला, हाक मारली.

रामहरी भला माणूस. तो ग्रामपंचायतीची मोटर चालू-बंद करायचा, त्यामुळं वाडीतल्या एकूणएक वायरी आपल्या अखत्यारीत येतात अशी त्याची समजूत होती. टीव्हीमागं मुंडकं घालून त्यानं लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना उपसल्या, फुंकर मारली, धोतराला पुसल्या आणि होत्या तिथं परत खोचल्या.

"वयनी, डिशच्या डब्यात बिघाड असंल, न्हाईतर टीव्हीत. आधी कशात हाय ते बघू. डीव्हीडी लावा."

कपाटाखाली जुना डीव्हीडी प्लेअर धूळ खात होता. त्यात एकच चकती होती, भजनाची. ती लावली. बुवा तोंड उघडून ताना मारतायत, टाळकरी नाचतायत, आणि आवाजाचं नाव नाही.

"मंग डब्याला दोष न्हाई," रामहरी म्हणाला. "दोष टीव्हीतच."

"म्या उगीच मारलं की त्याला," केशरबाई म्हणाली आणि डब्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी तिनं अजिनाथला व्हिडिओ कॉल लावला. फोनमध्ये आधी ऊस दिसला, मग पोरगा, आणि मागं असलं दणकेबाज गाणं, की त्याचं बोलणंच ऐकू येईना.

"हे काय वाजतंय रं?"

"आपलाच होम थिएटर हाय, आई! लई भारी वाजतोय!"

"आन् हितं टीव्हीची वाचा गेलीय!"

अजिनाथनं कपाळावर हात मारला. गाणं बंद केलं. गोष्ट अशी होती, की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद करून तो होम थिएटरमधून यावा, असं त्यानंच टीव्हीला दोन वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. टीव्ही बिचारा इमानेइतबारे आवाज बाहेर पाठवत होता. तो घ्यायला जागेवर कुणी नव्हतं, एवढंच.

"म्हंजी टीव्हीचा आवाज तू ऊसतोडीला नेलास म्हण की!"

"आई, रिमोट घे. मी सांगतो तसं दाब. खाली. अजून खाली. आता उजवीकडं. थांब थांब थांब!"

थांबेल ती केशरबाई कसली? तिनं पुढचं बटण दाबलं होतं. पडद्यावरची सगळी अक्षरं एकाएकी गोलगोल झाली. फोन टीव्हीसमोर धरला तसा अजिनाथ हसत सुटला.

"आई, तू कानडी लावलीस! हितल्या दुकानांच्या पाट्यांवर असंच असतंय."

"मंग तिथला एखादा माणूस आण वाचायला!"

अजिनाथ खरंच फडमालकाला हाका मारायला लागला, पण तेवढ्यात रेंज गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, की राहू दे, उन्हाळ्यात आल्यावर करतो.

उन्हाळा! घरात बोलायला माणूस नाही, आणि जो एक बोलका डबा होता तोही मुका. केशरबाईचं तोंड दोन दिवस बंद राहिलं, तिसऱ्या दिवशी त्याला ते सोसवेना. दुपारी मालिका लागली होती. भल्यामोठ्या बंगल्यात दागिन्यांनी मढलेली सासू सुनेपुढं हात नाचवत होती. भांडी घासता घासता केशरबाईच तिच्या वतीनं बोलली, "अगं ए भवाने, लाइट जायची येळ झाली, मोटर कोण चालू करणार, तुझा बाप?" सून रडायला लागली. "रडतीस काय? शेरडं सोडलीस का आधी?"

दारावरून जाणारी एक म्हातारी थबकली आणि आत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी दोघींना आणलं. पंधरवड्यात केशरबाईच्या घरात दुपारी पाय ठेवायला जागा उरेना. कोटटायवाला मालक तिच्या तोंडून ऊसतोडीचा मुकादम झाला, "कोयते कमी पडायलेत, अजून चार जोडपी काढा!" म्हणून फोनवर ओरडायला लागला. नट्या लिपस्टिक लावलेल्या ओठांनी राशनच्या तांदळातले खडे, सोसायटीची निवडणूक आणि गुडघेदुखीवर बोलायला लागल्या. बाया हसून हसून लोळायच्या. खरं सांगायचं तर, औंदासारखी मजेची दुपार वाडीनं कधी पाहिली नव्हती.

आणि एके दिवशी दाराच्या पायरीवर सुभद्राबाई येऊन बसली.

सुभद्राबाई म्हणजे रामहरीची बायको, केशरबाईची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. ऐन उमेदीत फडात दोघी जोडीनं असायच्या. ही तिच्या डोक्यावर मोळी चढवायची, ती हिच्या. थंडीत एका वाकळेत निजायच्या. पण सुभद्राबाईच्या लेकीच्या, करिष्माच्या लग्नात, भर पंगतीत, नवरदेवाकडची माणसं पानावर बसलेली असताना केशरबाई मोठ्यानं बोलून गेली होती, "आगं सुभद्रे, हे वरण खायला वाढलंस का हात धुवायला?" मांडव हसला. व्याही हसले. चार रात्री जागून लग्नाचा रगाडा उपसलेली सुभद्राबाई तेवढी हसली नाही. त्या दिवसापासून ती जावेशी एक शब्द बोलली नव्हती.

केशरबाईला काय कमी पश्चात्ताप झाला होता? पण जगभरच्या लोकांना जागेवर उत्तर देणारं तिचं तोंड इथं मात्र आखडायचं. गिरणीत दोघी समोरासमोर आल्या, तर "चुकलं" म्हणायला उघडलेल्या तोंडातून "पीठ लई जाड काढतोय हा" एवढंच निघालं. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेली, तर सुभद्राबाईनं ताट घेतलं, रिकामं करून परत दिलं आणि दार लोटलं.

आता ती पायरीवर बसली होती. मांडीवर सूप, सुपात गहू, तोंड अर्धवट बाहेर. आपण टीव्ही बघायला आलोच नाही, इथं उजेड बरा आहे म्हणून निवडायला बसलो, असा एकूण आव. पण मुकादम ओरडला तेव्हा तिनं हसू दाबायला पदर दातात धरलेला केशरबाईनं पाहिला.

त्या दिवसापासून टीव्हीवरच्या शिरेलीत दोन जावा झाल्या. खरं म्हणजे त्या बायका एकमेकींच्या कोण लागत होत्या, देव जाणे. पण केशरबाईनं जाड होती तिला थोरली केलं, बारीक होती तिला धाकटी. थोरलीच्या तोंडात ती गोड बोलणं घालायला लागली. दोघी एकदा समोरासमोर उभ्या राहू देत, थोरलीच्या डोळ्यांत पाणी येऊ दे, की मग आपल्याच्यानं जे होत नाही ते थोरलीकडून वदवून घ्यायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं. एवढीच एक गोष्ट हवी होती तिला. रोज दुपारी ती वाट बघायची, पण त्या दोघी जिन्यावर, गाडीत, देवळात, कुठंही भेटायच्या आणि नेमक्या तोंड फिरवून निघून जायच्या.

एका दुपारी मात्र योग आला. पडद्यावर थोरली दार उघडून आत आली. धाकटी खिडकीशी उभी. थोरलीचा चेहरा जवळ, आणखी जवळ, डोळे डबडबलेले. केशरबाईनं पदर सावरला. बाया पुढं सरकल्या.

नेमका तेव्हाच रामहरी आत आला, चौसाळ्याच्या हरिओमला घेऊन. हरिओम डिशची कामं करायचा आणि रामहरीच्या घरावरची छत्री नीट करायला वाडीत आला होता. "एवढ्या बाया रोज मुका टीव्ही बघत्यात, बघ जरा," असं म्हणून रामहरीनं त्याला चांगुलपणानंच ओढून आणलं होतं. हरिओमनं कोपऱ्यातला रिमोट उचलला. केशरबाईला कशाचंच भान नव्हतं.

"धाकटे," थोरली म्हणाली, आणि केशरबाईचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "किती दिस मनात हाय, पर जीभ उचलंना. त्या दिवशी भर मांडवात म्या तुला..."

पडद्यावर कानडी अक्षरं झरझर सरकली. हरिओमला ती वाचायची गरज नव्हती, रोजच्या सवयीनं त्याचं बोट चालत होतं.

"वकिलाला आत्ताच्या आत्ता घरी बोलाव! आज सही झालीच पाहिजे!"

टीव्ही असा काही गरजला की दारातलं शेरडू दाव्यासकट उडालं. पहिल्या दिवशी शंभरवर नेलेला आवाज तसाच होता ना! थोरली रडत नव्हतीच मुळी, रागानं फणफणत होती. धाकटी तिला "मिसेस देशमुख" म्हणत होती.

"आला का न्हाई आवाज?" रामहरी छाती काढून म्हणाला.

केशरबाई भिंतीला टेकली. बाई, आता संपलंच सगळं, असं तिला वाटलं. आता ह्या खऱ्याच बायका बोलणार, आपलं कोण ऐकतंय? आणि राहिलेलं वाक्य जन्मभर घशात राहणार. तिनं पायरीकडं बघायचं टाळलं.

"बंद कर रं ते!"

आवाज पायरीवरून आला होता. हरिओम गोंधळला. "मावशी, आत्ताच तर चालू केलंय."

"बंद कर म्हणते ना! आक्का काय म्हणत होती, ते ऐकू दे मला."

आक्का! करिष्माच्या लग्नापासून हा शब्द त्या भिंतीच्या पलीकडून आला नव्हता. हरिओमनं घाईघाईनं बटण दाबलं. टीव्ही गप झाला. बायांनी केशरबाईकडं बघितलं, केशरबाईनं टीव्हीकडं. पण तिथं थोरली नव्हती, धाकटीही नव्हती. जाहिरात लागली होती. एक उघडाबंब माणूस अंगाला साबण फासत होता. त्याच्या तोंडात काय घालणार, कपाळ!

मग केशरबाई पायरीकडं वळली आणि आपल्याच आवाजात म्हणाली, "चुकलं माझं, सुभद्रे. भर मांडवात तुला खाली बघाय लावलं म्या. लई चुकलं." आणि तिला रडू फुटलं, अगदी पोरासारखं.

एका म्हातारीला राहवेना. "मंग? धाकटी काय म्हणली?"

"तिचं मला काय ठावं?" केशरबाई नाक पुसत म्हणाली. "इतके दिस मीच तिच्या तोंडात घालत आले. आता तिचं तिला बोलू द्या."

सुभद्राबाईनं सूप खाली ठेवलं.

"वरण पातळच झालतं," ती म्हणाली. "मला काय दिसत नव्हतं व्हय? पर ते तू माझ्या कानात सांगायचंस, आक्का. आपण दोघींनी मिळून घट केलं असतं. सगळ्यांम्होरं कावून बोललीस गं?"

केशरबाई दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत उठली, पायरीवर जावेशेजारी जाऊन बसली, सुपातले पसाभर गहू ओढून घेतले आणि खडे निवडायला लागली. सुभद्राबाईनं तिचाही हात पोचावा म्हणून सूप मधे सरकवलं.

"मावशी, शिरेल लागली बघा परत," हरिओम म्हणाला.

दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.