बोरीवरची राखण

आमची थोरली जाऊ गंगूबाई म्हणजे भित्रेपणाचा कळस. नव्या मिक्सरला हात लावायला भ्यायची. फोन वाजला की माझ्याकडे बघायची. मोठे भावजी, म्हणजे तिचे यजमान मुकुंदराव, त्यांच्यापुढे तर तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे. भावजींचं बेगम बाजारात मसाल्याचं ठोक दुकान, आणि घरात हुकूमही त्यांचाच.

त्यांची शिल्पा एमएस्सीला होती. त्या वर्षी आमच्या विद्यानगरच्या गल्लीत केबल आलं होतं, जो तो पोरांना कंप्युटरला घालत होता, आणि आमच्या पोरीने धरल्या अळ्या! परसात कुंडीतल्या बोरीवर त्या वाढवायच्या, त्यांची चंदेरी पट्ट्यांची फुलपाखरं होईपर्यंत टिपणं काढायची, हा तिचा प्रबंध. भावजींनी बजावलं होतं, यंदा हे फसलं तर शिक्षण बंद आणि नांदेडचं स्थळ पक्कं. गंगूबाईला शाळेतून उठवूनच बोहल्यावर उभं केलं होतं. पोरीचंही तसंच होणार, या धास्तीने तिला घास गिळवत नव्हता.

शिल्पा कॉलेजबरोबर बाहेरगावी गेली. झाडाला पाणी घाल, एवढंच आईला सांगून गेली. गंगूबाई बघते तर अळ्यांच्या अंगाखांद्यावर काळ्या मुंग्या. तिच्या काळजाचं पाणी झालं. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवतो ना, तसंच तिने केलं. मुंग्या झटकल्या आणि कुंडी पाणी भरलेल्या परातीत ठेवली. मलाही ते शहाणपणाचंच वाटलं.

शिल्पा परतली तेव्हा गांधीलमाश्यांनी अळ्या उचलून नेल्या होत्या. एकच उरली होती. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिने सांगितलं, अळी पाठीतून गोड रस देते, मुंग्या तो चाटतात आणि तिची राखण करतात. मुंग्या नसल्या की अळीला कुणी वाली नाही.

 गंगूबाई तडक कुंपणाच्या मोठ्या बोरीकडे गेली. तिथल्या फांदीवर त्याच मुंग्यांचं घरटं होतं. ती फांदी तिने उघड्या हातांनी मोडली. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या, कडकडून चावल्या, पण तिने फांदी सोडली नाही. ती आणून कुंडीला टेकवली. मुंग्या उतरल्या, अळीभोवती गोळा झाल्या.

"खातायत का गं तिला?"

"कळत नाही, आई. गर्दीत अळीच दिसत नाही."

गंगूबाई पुढचं बघायला थांबली नाही. सुजलेले हात घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि भावजी टीव्ही बघत होते, त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अहो, नांदेडला नको म्हणून कळवा. अळ्या माझ्या हातून गेल्या, पोरीच्या नाही. तिला शिकू द्या."

भावजींनी तिला बाजूला हो म्हणून सांगितलं. गंगूबाई लटलट कापत होती. पण ती हलली नाही.