पहिली शिट्टी

“डोक्यावर पाटी आली का मी वर बगतच नाय. पुढच्याचे पाय चालले का मी चालते,” माझ्या मागची कोळीण तिच्या सोबतिणीला सांगत होती.

“मंग पाय तरी बरे निवड गं,” सोबतीण म्हणाली. दोघी हसल्या.

गाड्यांची फेरीबोट विरारच्या धक्क्याला लागत होती. आम्ही पायी जाणारे दहा-बारा जण कठड्याजवळ, एका जाड दोरीमागे उभे होतो. लोखंडी रॅम्प धक्क्यावर आपटला आणि शिट्टी वाजली. मी दोरी उचलून खालून निघाले. पहिली शिट्टी गाड्यांची असते आणि पायी माणसांची दुसरी, हे मला माहीत नव्हतं. तारापूरच्या कॉलनीतून निघून मी आजवर ही खाडी वडिलांच्या गाडीत बसून ओलांडली होती, काचा वर करून.

पाठीमागे ब्रेक करकचला. वळून पाहिलं तर एक पांढरी गाडी, बॉनेटवर बोंबील आणि बर्फ, आणि पुढे गुडघ्यांवर पडलेली कोळीण.

गाडीवाला उतरला. आधी त्याने बॉनेटवरून हात फिरवला. मग तिला केसांना धरून उठवलं आणि कानाखाली मारली. तिच्या कानातली कुडी निसटून माझ्या चपलेपाशी येऊन पडली.

“मरायचंय तर दुसऱ्याच्या गाडीखाली मर.”

तिने रिकामी पाटी उचलून त्याच्या तोंडावर हाणली. त्याची भुवई फुटली. त्याने तिचा हात पिरगाळून तिला कठड्यावर आपटलं. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून पदरावर उतरलं. सोबतीण त्याच्या पाठीत बुक्के घालत होती. मागच्या गाड्यांचे हॉर्न थांबत नव्हते. दोघेजण मोबाइल वर धरून उभे होते.

खलाशाने त्यांना सोडवलं, पण दंडाला धरून ओढलं ते फक्त तिला. रोज येणाऱ्या बाईला शिट्टी कळू नये का, असं तो सगळ्यांना विचारत होता. गाडीवाला भुवईवर रुमाल दाबून पोलिसांना बोलवायला सांगत होता.

“उद्यापासून हिची पाटी बोटीवर चढणार नाय,” खलाशी म्हणाला.

अकरा वाजता माझी मुलाखत होती. फाइल छातीशी धरून मी रॅम्पच्या टोकाला उभी होते. दोन पावलं टाकली असती तर धक्क्यावर पोचले असते. तिने माझा चेहरा पाहिलाच नव्हता.

ती खाली वाकून कुडी शोधू लागली. शोधताना तिची नजर माझ्या चपलांवर आली आणि तिथेच थांबली.

मी कुडी उचलून तिच्या हातात दिली. मग बोलले, पण हॉर्नमध्ये माझं मलाही ऐकू आलं नाही. खलाशाची बाही ओढून पुन्हा बोलले.

“दोरी मी उचलली होती. त्या माझ्या पायांमागून आल्या.”