तेर्नाच्या फळ्या

"अख्ख्या होडीत तुझ्या बापाच्या वेळचा एक खिळा उरलेला नाही, सुन्नुवा! एक खिळा!"

"मग गावात कशाला मिरवतोस, सासऱ्यांची होडी चालवतो म्हणून?"

"ते आपलं बोलायचं असतं."

"बाहेर जुनी, घरात नवी. भारीच सोयीची आहे रे तुझी होडी!"

मी मान खाली घालून बटाटे सोलत होते. हानुस माझा थोरला भाऊ, सुन्नुवा माझी वहिनी. मध्ये तोंड घातलं की दोघंही माझ्यावरच उलटतात. भांडण लेकीवरून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची ब्यार्ता 'तेर्ना', म्हणजे हीच होडी, घेऊन समोरच्या खडकाळ बेटावर जाणार होती. इथे फेरो बेटांवर थंडीआधी मेंढरं उतरवून आणावीच लागतात. आणि वहिनी भीतीने पांढरीफटक पडली होती.

वहिनी लहान असताना तिचे वडील असेच मेंढरांसाठी गेले. तेर्ना एकटीच बंदरात परत आली. वल्ही आत, नीट आडवी ठेवलेली. वडील सापडलेच नाहीत. वहिनीने मासळीच्या कारखान्यात सुरी चालवत उभा जन्म काढला, पण समुद्राकडच्या खिडकीशी कधी उभी राहिली नाही.

लग्नात होडी दादाकडे आली. दर हिवाळ्यात तो एखादी कुजकी फळी बदलायचा आणि वहिनी जुनी फळी स्वतःच्या हाताने चुलीत घालायची. सगळी जळाली की ती होडी संपली, असा तिचा हिशोब. शेवटची फळी पेटली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली. पुढे दादाने होडी पाण्यात सोडली, आणि ती बघून वहिनी दारातच मटकन खाली बसली. जशीच्या तशी होती.

"दिसते तशी, म्हणून काय झालं?" दादा आता ओरडत होता. "लाकूड नवं आहे ना?"

तेवढ्यात ब्यार्ता आत आली. बंदरात एक चक्कर मारून आली होती, ओली वल्ही हातातच.

"बाबा, ही डावीकडे ओढते हो! कितीही सरळ वल्हवा, बाई निघाल्या कड्याकडे."

वहिनीने चुलीची कड धरली.

"माझे बाबासुद्धा आईला हेच सांगायचे," ती म्हणाली. "डावीकडे ओढते म्हणून."

"लाकडाचा स्वभाव असतो एकेक," दादा पुटपुटला.

"कुठल्या लाकडाचा? ते तर मी जाळलंय!"

दादा टेबलाकडे बघत म्हणाला, "नवी फळी कापताना जुनी वर ठेवून कड आखायची असते. आमच्याकडे सगळे असंच करतात. माप कधी घेतलंच नाही मी. जुनीचा बाक उतरला असेल नवीत."

"म्हणजे मी जाळत बसले, आणि तू तीच पुन्हा पुन्हा आखत बसलास."

"आई, होडी आहे गं ती, भूत नाही," ब्यार्ता हसली. एकटीच.

वहिनी दादाकडे वळली. "हानुस, माझ्या बाबांना घेऊन गेली ती हीच का? हो की नाही, एवढंच सांग."

दादाने लेकीच्या हातातली वल्ही काढून घेतली, खांद्यावर टाकली आणि मागे न बघता बाहेर निघून गेला.