थोडंफार येतं

इथं अमेरिकेत, नेपरव्हिलच्या लायब्ररीत दर मंगळवारी सकाळी मी इंग्रजी बोलायला शिकवते. फुकट. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई मी, माझं नोकरीचं परमिट इतक्या वर्षांनीही लटकलेलंच आहे, आणि घरात नुसतं बसलं की माझं डोकं फिरतं. समोर सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाया. डॉक्टरशी, घरमालकाशी, मुलांच्या शाळेत चार वाक्यं धड बोलता आली की त्यांना बास.

त्यातली एक मेक्सिकोची, माझ्याहून बरीच मोठी. मराठी असती तर मी तिला मावशीच म्हटलं असतं. ती एका रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळभर भांडी घासते आणि घरी पोचते तेव्हा धाकटी मुलगी झोपलेली असते. गावाकडे मात्र हिनं लग्नाच्या पंगतीच्या पंगती उठवल्यात. एकदा वर्गासाठी तामाले घेऊन आली, मक्याच्या पानात वाफवलेले. मी मांस खात नाही म्हणून माझे वेगळे, खुणेला दोरा बांधून! तर एका शाळेच्या किचनमध्ये जागा निघाली. दुपारी काम संपणार, मुलीच्या आधी ती घरी. तेवढ्यासाठी तिला ती नोकरी हवी होती.

आम्ही इंटरव्ह्यूची तयारी केली. मी मॅनेजर झाले. ‘कॅन यू कुक?’

‘येस! आय कुक व्हेरी गुड! एव्हरीबडी लव्ह!’ दोन्ही हात पसरून.

मला कसंतरीच झालं. आमच्या घरी गाण्यात पहिला नंबर आलेली मुलगीसुद्धा पाहुण्यांपुढे ‘थोडंफार येतं’ एवढंच म्हणायची. मग पाहुणे म्हणायचे, ‘अगं, उगीच काय, गा की!’ तेच वळण मी हिला लावायला गेले. ‘आय नो अ लिटल. आय विल ट्राय.’ चांगलं घोटून घेतलं आणि वर शाबासकीही दिली. डोंबलाचं माझं शहाणपण!

नोकरी मिळाली नाही. त्यांना स्वयंपाक येणारी बाई हवी होती म्हणे. आणि हे सांगताना ती मलाच समजावत होती, ‘सॉरी टीचर, माय इंग्लिश बॅड.’

रात्री जेवताना मी हे हळहळत घरी सांगितलं. इथंच वाढलेली माझी लेक खाता खाता थांबली. ‘आई, यू टोल्ड हर टू से दॅट? इन ॲन इंटरव्ह्यू?’

‘अगं, मग काय स्वतःच स्वतःचे ढोल बडवायचे?’

‘आई, पीपल हिअर जस्ट बिलीव्ह यू.’

खरंच की! टेबलापलीकडच्या त्या मॅनेजरनं ‘उगीच काय’ म्हणायचं असतं, हे त्याला कोण सांगणार होतं? त्यानं ऐकलं आणि खरं मानलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी भांडी तशीच टाकून उठले. तिकडे रेस्टॉरंटमध्ये ती या वेळी भांडीच घासत असणार.

पुढच्या मंगळवारी तिला बाजूला घेऊन सांगितलं, तुझं इंग्रजी चांगलं आहे, चूक माझी झाली. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

‘सो, फर्स्ट टाइम आय से गुड?’

‘हो गं बाई,’ मी मराठीतच म्हणाले. मग मान हलवून, ‘येस.’

आता एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये जागा आहे. मी म्हटलं, चल, पुन्हा करू या. मॅनेजर झाले. ‘कॅन यू कुक?’

तिचे हात मांडीवरच राहिले. ‘अ लिटल,’ ती म्हणाली.

‘नो, नो! से इट लाइक द फर्स्ट टाइम!’ मी हात पसरून दाखवले. ती म्हणाली, ‘यू फर्स्ट, टीचर. से, आय टीच व्हेरी गुड.’

तिच्यापुढे बसून हे वाक्य मी कोणत्या तोंडानं म्हणू? ती माझ्या ओठांकडे बघत थांबली होती. टीचर म्हणेल तसंच म्हणायचं, ही सवय मीच तिला लावली होती.