मापाच्या बाईनं काढलेलं जावळ

दोमितिला कोराहुआच्या पायाला भिंगरी आहे, असं तिच्या आईचं मत होतं. नवऱ्याचंही तेच होतं, पण ते पटवून देत बसायला तो थांबला नाही. ट्रक घेऊन किनाऱ्याकडं गेला तो गेलाच. मूलबाळ नव्हतं. दोमितिला चार दिवस रडली, पाचव्या दिवशी बाजारात गेली, आणि तिथं उआमांगा शहराच्या एका भिंतीवर तिला जाहिरात दिसली. केचुआ बोलणाऱ्या, डोंगर चढायची सवय असलेल्या आणि कुत्र्यांना न घाबरणाऱ्या बायका हव्या होत्या. दोमितिला कुत्र्यांना चांगलीच घाबरायची, पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

काम ऐकायला सोपं होतं. डोंगरातल्या गावांमधली काही तान्ही मुलं निवडलेली होती. दर तीन-चार वर्षांनी त्याच मुलांच्या दारात जायचं, उंची मोजायची, वजन करायचं आणि प्रश्न विचारायचे. छप्पर कशाचं? पाणी कुठून आणता? काल काय शिजवलं? पोर शाळेत जातं की मेंढरांमागं? गरिबीत जन्मलेल्या मुलांचं पुढं काय होतं, हे ती मोठी होईपर्यंत बघत राहायचं. यातून सरकारला शहाणपण येईल अशी लिमातल्या मोठ्या लोकांना आशा होती. दोमितिलाला सरकारबद्दल अशी काही आशा नव्हती. पण पगार वेळेवर व्हायचा आणि चालायला भरपूर मिळायचं.

नियम एकच, पण कडक. विचारायचं, सांगायचं नाही. सल्ला नाही, वचन नाही, मदत नाही. निघताना ठरलेली साखरेची पिशवी हातावर ठेवायची आणि वाटेला लागायचं. तुम्हीच मध्ये हात घातलात, तर पोर आपसूक वाढलं की तुमच्या कृपेनं, हे कळणार कसं? मुद्दा बिनतोड होता. दोमितिला तो नियम इमानेइतबारे पाळायची आणि तितक्याच इमानेइतबारे त्याला शिव्या घालायची.

चाकापाम्पा गावात पहिल्याच फेरीला तिच्यावर प्रसंग ओढवला. तिनं झोळीचा काटा झाडाला टांगला, त्यात एक तान्हं पोर ठेवलं, आणि बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. माणसांची चरबी काढून नेणारा पिश्ताको रानवाटांवर हिंडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ही बाई तर सरळ सरळ पोरं तोलत होती, विकायच्या आधी बकरं तोलतात तशी! क्षणात दोमितिला शेळ्यांच्या कोंडवाड्यात आणि बाहेरून कडी.

तिला सोडवलं ते फोर्तुनातानं. फोर्तुनाता म्हणजे गावातलं खणखणीत नाणं. नवरा नाही, दोन शेतं, तोंड मात्र चार शेतांएवढं. तिनं कडी काढली, दोमितिलाचा गाल चिमटीत धरला आणि सगळ्या गावाला दाखवला.

"डोळे फुटले का तुमचे? पिश्ताको अशी चिपाड असते होय? इतक्या पोरांची चरबी चोरली असती, तर हिच्या अंगावर थोडी तरी दिसली असती की!"

गाव हसलं, काटा पुन्हा टांगला गेला, आणि त्यात पहिली बसली ती फोर्तुनाताची वर्षाची लेक, नोएमी. तेव्हापासून चाकापाम्पात दोमितिलाचं नाव पडलं मापाची बाई.

दोमितिलानं आपल्या वाटणीची सगळीच पोरं जपली, पण नोएमीवर तिचा जीव जडला. असं कुणावर जडू द्यायचं नसतं, हेही तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण जीव काही प्रशिक्षणाला बसलेला नव्हता. नोएमीला प्रश्न विचारणं म्हणजे उलटतपासणीला उभं राहणं. पाच वर्षांची असताना तिनं विचारलं, "माझी उंची तू घेऊन जातेस, मग माझ्याकडं काय उरतं?" मोठेपणी कोण होणार, या प्रश्नाला मात्र तिचं उत्तर दर फेरीला तेच. नर्स.

पंधराव्या वर्षी तिनं ते उत्तर दिलं आणि वर विचारलं, "दोमी मावशी, नर्सचं शिक्षण कुठं मिळतं? काय काय लागतं?"

दोमितिलाच्या घरापासून ती संस्था दोन गल्ल्या सोडून होती. ती म्हणाली, "तुला काय वाटतं?" असं विचारलं की उलट प्रश्न टळतो, हे शिकवलेलं होतं.

"मला वाटतं, तुला माहीत आहे," नोएमी म्हणाली.

पुढच्या वर्षी नोएमी किनाऱ्यावरच्या इकाकडं द्राक्षांच्या मळ्यांवर कामाला गेली. परत आली ती चार वर्षांनी, पोटुशी होऊन. पोराचा बाप तिकडंच राहिला. यावर फोर्तुनाता सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलली, आणि मग नातू झाल्यावर त्याला पाठीवरून उतरवेना.

यंदाच्या फेरीला दोमितिला चाकापाम्पात पोचली तेव्हा दुपार झाली होती आणि पोटात कावळे ओरडत होते. तो नातू, एलियान, अंगणात कोंबड्यांमागं धावत होता. अडीच वर्षांचा, केस खांद्यापर्यंत, जटा झालेले. कात्री अजून लागलेली नव्हती. पाहुण्यांना तो मुलगी वाटायचा आणि त्याचा त्याला फार राग यायचा.

"आधी जेव," फोर्तुनाता म्हणाली आणि तिनं ताट पुढं केलं. दगडाखाली दाबून कुरकुरीत तळलेला अख्खा कुय, म्हणजे घरात पाळलेला गिनिपिग, मुंडक्यासकट. सोबत बटाटे, आणि वाडगाभर चिचा, मक्याची आंबवलेली दारू.

घरात दिलेलं अन्न नाकारायचं नाही, नाही तर ते दार कायमचं बंद होतं. हे दोमितिला इतक्या वर्षांत अनुभवानं शिकली होती. तिनं कुयची तंगडी मोडली, चिचाचे दोन घोट घेतले, आणि तिसऱ्या घोटाला तिच्या लक्षात आलं की घर शांत आहे. फोर्तुनाता बोलत नव्हती. फोर्तुनाता गप्प बसली म्हणजे काहीतरी घडतंय, हे सांगायला लिमाचा माणूस लागत नाही. शिवाय ताटाखाली विणलेलं नवं फडकं होतं. कुय एकटा नव्हता, दुसराही बाजूला ठेवलेला होता. आणि नोएमीनं सणाची टोपी घातली होती.

चाकापाम्पात असं ताट मांडतात ते एकाच कामासाठी.

"खाल्लंस," फोर्तुनाता समाधानानं म्हणाली. "प्यायलीसही. आता एलियानचं जावळ तू काढायचंस. आजपासून तू त्याची धर्ममाता, आणि नोएमीची कोमाद्रे, पोराची तिच्या जोडीची आई."

"अगं पण फोर्तुनाता, मी... मला भूक लागली होती!"

"भूक लागलेल्यांनाच वाढतात. भरल्या पोटी कोण कुणाचं ऐकतं?"

दोमितिलानं तोंडातला घास कसाबसा गिळला. नाही म्हणावं, तर ताट खाऊन तोंड फिरवलेल्या बाईला या गावात पुन्हा कुणी बसायला मेंढीचं कातडं टाकणार नाही. हो म्हणावं, तर ती या घरची नातलग होणार, आणि नातलगानं नातलगाला प्रश्न विचारलेले ऑफिसात चालत नाहीत.

"तुला नको असेल तर राहू दे मावशी," नोएमी म्हणाली. तिनं एलियानला मांडीवर ओढलं. "आईला मी सांगत होते, दोमी मावशी कुणाचीच होत नाही."

हे लागलं. फार लागलं. दोमितिला टेकडीवर गेली, कारण फोनची रेंज तिथंच यायची.

लोरेना, तिची वरिष्ठ, तिच्या निम्म्या वयाची होती आणि वाईट मुळीच नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा हसू दाबलं, आणि मग गंभीर झाली. "सेन्योरा दोमी, तुम्ही धर्ममाता झालात तर नोएमीकडं दुसरं कुणीतरी जाईल. आणि तुम्हाला गावांवर पाठवता येणार नाही. एका घराशी नातं जोडलं म्हटलं, की बाकीची घरं वाट बघायला लागतात. तुम्ही ऑफिसात बसा, नव्या मुलींना शिकवा. नाही तर नकार द्या. ते अवघड आहे, कळतं मला."

ऑफिसात! खिडकीतून समोरच्या बँकेची भिंत दिसते त्या ऑफिसात! दोमितिलानं खाली पाहिलं. वाटा, ओढे, निलगिरीची झाडं, आणि प्रत्येक वळणावरचं तिला ओळखणारं, तरीही भुंकणारं कुत्रं. ही सगळी तिची होती. तिच्याकडं दुसरं होतं काय?

तिकडं अंगणात एलियान कोंबडीच्या अंगावर पडला आणि कोंबडीपेक्षा मोठ्यानं ओरडला.

"सेन्योरिता," दोमितिला म्हणाली, "कुय तर मी खाऊन बसले."

जावळ रविवारी झालं. हार्पवाला आला, व्हायोलिनवाला आधीच पिऊन आला. एलियानच्या जटांच्या बारीक बारीक बटा करून प्रत्येकीला रंगीत फीत बांधली. बशीत फुलं आणि कात्री. पहिली बट धर्ममातेनं कापायची आणि आपण काय देतोय ते सगळ्यांसमोर बोलायचं, अशी रीत. दोमितिलानं बट कापली, बशीत ठेवली.

"एक मेंढी," ती म्हणाली. "गाभण."

लोक खूश झाले. पुढची बट दुसऱ्यानं कापायची, पण ती कात्री पुढं देईना.

"आणि माझ्या कोमाद्रेला उआमांग्यातल्या माझ्या घराची मागची खोली. पोराला मी सांभाळीन. नर्सिंगची संस्था दोन गल्ल्या सोडून आहे. मार्चमध्ये प्रवेश परीक्षा असते. शाळेचा दाखला लागतो, आणि गणित पक्कं लागतं."

हार्प थांबलं. नोएमीचा चेहरा लाल झाला.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा मी तुझी कुणी नव्हते."

नोएमी उठली. आता ही पोराला घेऊन निघून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. दोमितिलालाही वाटलं. तेवढ्यात फोर्तुनातानं तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "भांडा, बायांनो, भांडा. कोमाद्रे झालात म्हणजे भांडायला मोकळ्या झालात. पण कात्री इकडं द्या, माझा नातू अर्धा मुलगी, अर्धा मुलगा होऊन बसलाय!"

नोएमी लगेच काही आली नाही. मानी पोरगी, तिनं पेरणीचं निमित्त काढलं, मग आईच्या गुडघ्यांचं. इकडं दोमितिला ऑफिसात बसून नव्या मुलींना कुत्र्यांशी कसं वागावं ते शिकवत होती, संध्याकाळी मागच्या खोलीला चुना लावत होती, आणि रोज स्वतःला बजावत होती की वाट बघायची नाही. फेब्रुवारीत एका दुपारी दार वाजलं. बाहेर नोएमी, केस बारीक कापलेला एलियान, दोन घोंगड्या, आणि पेटीत किचकिचणारे सहा कुय.

"हे खाऊन पुन्हा कुणाची धर्ममाता होऊ नकोस म्हणजे झालं," नोएमी म्हणाली आणि आत शिरली.

तिची या फेरीची मुलाखत राहिली होती. ती घ्यायला आली ब्रिसाइदा, दोमितिलानंच तयार केलेली नवी मुलगी. मुलाखतीच्या वेळी घरातलं दुसरं कुणी समोर नसावं, म्हणून तिनं आपल्या गुरूला नम्रपणे अंगणात पाठवलं. गुरू खिडकीखाली बटाटे सोलत बसली.

"छप्पर?"

"पत्र्याचं. कोपऱ्यात गळतं."

"गळतं? एकदा गळलं, एकदा!" खिडकीखालून आवाज आला.

"सेन्योरा, तुम्हीच शिकवलंय ना," ब्रिसाइदा काकुळतीनं म्हणाली.

खिडकीखालून पुन्हा बटाटे सोलल्याचा आवाज यायला लागला.

"घरात कोण कोण राहतं?"

"मी. माझा मुलगा. आणि ती बटाटे सोलतेय ती."

"तिचं तुझ्याशी नातं?"

"कोमाद्रे."

"तसं इथं लिहायला रकाना नाही. रक्ताचं नातं नाही, लग्नाचंही नाही... मग 'इतर' लिहिते."

"इतर कशी?" नोएमीचा आवाज चढला. "खोड ते. ती इतर नाही."

अंगणात दोमितिलाच्या हातातला बटाटा तसाच राहिला. ती रडली, पदर नव्हता म्हणून परकराच्या घेरानं नाक पुसत, मनसोक्त रडली. एलियान जवळ येऊन काय झालं म्हणून विचारत राहिला, आणि आयुष्यभर प्रश्न विचारत आलेल्या त्या बाईला त्याला काही केल्या उत्तर देता येईना.